चाकरी आणि चारित्र्य

माणिकगडाच्या डोंगरपट्टीवर वसलेला जिवती तालुका आज चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात दाखविला जातो; परंतु येथील माणसाचे पोटपाणी आणि कायदा यांचा संबंध ज्याला इतिहासाच्या प्रकाशात पाहावयाचा आहे, त्याने हा मुलूख दीर्घकाळ चांद्याचा, म्हणजे आजच्या चंद्रपूरचा, नव्हताच, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. वर्धा नदीच्या एका तीरावरील चांदा १८५४ साली भोसल्यांच्या राज्याबरोबर इंग्रजांच्या अमलाखाली गेला, तर दुसऱ्या तीरावरील राजुरा आणि त्याच्या पाठीमागे चढत गेलेले जिवतीचे डोंगर हैदराबादच्या निजामाकडे, आदिलाबाद जिल्ह्यात राहिले. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचा अंमल संपला; १ एप्रिल १९५१ रोजी भारतीय दंडसंहिता हैदराबाद राज्यास लागू झाली; १९५६च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ साली तो चांद्यास मिळाला. डोंगरावरच्या गोंडांचे आणि कोलामांचे गुडे, म्हणजे वस्त्या, होते तेथेच राहिले, पुढे मराठवाड्यातून दुष्काळाने उठलेली कुटुंबे येऊन त्यांच्या शेजारी वसली, आणि या सर्वांच्या डोक्यावरून एकामागून एक सरकारांचे दप्तर पुढे सरकत गेले.

या दप्तरात एक जुना कायदा होता. फसली सन १३२९ मध्ये, म्हणजे इसवी सन १९१९च्या सुमारास, निजामाच्या सरकारने हिजड्यांविषयीचा एक कायदा केला. त्यान्वये त्यांची नोंदवही ठेवावयाची होती. स्त्रीचा वेश अथवा दागिने धारण करून रस्त्यावर किंवा सार्वजनिक ठिकाणी दिसणाऱ्यास, तेथे नाचणाऱ्यास वा गाणाऱ्यास वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार पोलिसांस होता, आणि कैदेची मुदत दोन वर्षांपर्यंत जाऊ शकत असे. इंग्रजांनी १८७१च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याने उत्तर हिंदुस्थानात जे केले होते, त्याचीच ही दख्खनी आवृत्ती होय. लग्नाच्या मांडवात किंवा बाळाच्या पाळण्यापाशी जाऊन गाणे, नाचणे, आशीर्वाद देणे आणि बिदागी घेणे हा ज्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय, त्यांचा व्यवसायच या कायद्याने गुन्हा ठरविला. एखाद्यास नोकरी नाकारणे हा अन्याय खरा. परंतु ज्याला कोणीही नोकरी देत नाही त्याने स्वतःच्या गळ्यावर आणि पायांवर उभी केलेली उपजीविकाही दंडनीय ठरविणे, ही त्याहून फार खोल गेलेली कुऱ्हाड होती. हा कायदा तेलंगणाच्या कायद्यांत शतकाहून अधिक काळ टिकला. तेलंगणा उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये तो घटनाबाह्य म्हणून रद्दबातल केला. जिवतीच्या दक्षिण कडेच्या ज्या गावांतील रहिवाशांकडे महाराष्ट्र आणि तेलंगणा या दोन्ही राज्यांची शिधापत्रिका असते, त्यांना या दुहेरी वारशाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

नदीच्या अलीकडे, चांद्याच्या बाजूस, दुसरी व्यवस्था होती. मेकॉले यांच्या आयोगाच्या मसुद्यातून निघालेली आणि १ जानेवारी १८६२ पासून अमलात आलेली दंडसंहिता तेथे लागू होती, आणि तिच्या ३७७व्या कलमाने पुरुषापुरुषांमधील शरीरसंबंध, तो दोघांच्या संमतीने आणि बंद दाराआड झाला तरीही, जन्मठेपेपर्यंतच्या शिक्षेस पात्र ठरविला होता. या कलमाखाली प्रत्यक्ष शिक्षा झालेल्यांची गणती लहान. त्याचा खरा उपयोग न्यायालयाबाहेर झाला. ज्याच्यावर फिर्याद होऊ शकते असा माणूस कोणाही वरिष्ठास, शेजाऱ्यास वा पोलीस शिपायास घाबरून राहतो, आणि घाबरलेल्या माणसाची नोकरी काढून घेण्यास कारण शोधावे लागत नाही.

येथे एका शिरस्त्याचा इतिहास सांगणे अवश्य आहे. ज्या काळी माणसाचे पोट वतनावर, बलुत्यावर किंवा जंगलावर चालत असे, त्या काळी त्याच्या खाजगी आयुष्याविषयी गावाची, जातीची आणि पंचायतीची मते असत; त्यांचे दंडही कठोर असत; परंतु ‘नोकरीवरून काढणे’ हा प्रकार बहुतेकांच्या आयुष्यात नव्हता, कारण नोकरीच नव्हती. वरोऱ्याची कोळशाची खाण, आगगाडी, कचेऱ्या, शाळा, जंगलखाते हे सारे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भागात आले, आणि त्यांच्याबरोबर मासिक पगार, सेवापुस्तक आणि चारित्र्याचा दाखलाही आला. पगार देणारा हा पगार घेणाऱ्याच्या कामाबरोबर त्याच्या वर्तनाचाही न्यायाधीश आहे, ही कल्पना या दाखल्याने रूढ केली. पुढे सेवानियम लिहिले गेले तेव्हा ती कल्पना त्यांत शिरली. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांतील तिसरा नियम शासकीय कर्मचाऱ्यास न शोभेल असे काहीही करण्यास मनाई करतो. खाजगी शाळांच्या कर्मचाऱ्यांविषयीच्या १९८१च्या नियमावलीत नैतिक अधःपतन हे शिक्षेचे एक स्वतंत्र कारण म्हणून नमूद आहे. लाचखोर कारकुनास किंवा मुलींना त्रास देणाऱ्या शिक्षकास आवर घालण्यासाठी असे नियम हवेतच, याविषयी माझ्या मनात किंचितही शंका नाही. परंतु काय शोभते आणि काय शोभत नाही हे ठरविणारा अधिकारी ज्या समाजातून येतो त्या समाजाचे पूर्वग्रह घेऊनच खुर्चीवर बसतो, आणि नियम त्यास अडवीत नाही.

महाराष्ट्राने हे फार पूर्वीच पाहिले आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाचा जाहीर पुरस्कार केल्यामुळे १९२५ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. त्यांच्या गणितात कोणी दोष काढला नव्हता. त्यानंतर त्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालविले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना, त्यांत समलिंगी आकर्षणाविषयीचे प्रश्नही होते, त्यांनी मासिकातून उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि त्या खटल्यात त्यांच्या बाजूने मुंबईत उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिणे हे केवळ तेवढ्यामुळे अश्लील ठरत नाही, आणि लोकांच्या मनात विकृती असेल तर ती ज्ञानानेच जाईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचाही त्यांनी आधार घेतला. खटला ते हरले, कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद ज्यांच्याकडे पुढे गेले, त्यांनी तेरा वर्षे आधी ही बाजू मांडली होती, हे आपल्या शाळांतून शिकविले जात नाही. ते शिकविले पाहिजे.

घटना १९५० साली अमलात आली आणि तिच्या सोळाव्या अनुच्छेदाने सरकारी नोकरीत धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान वा निवास यांवरून भेद करण्यास मनाई केली. लैंगिक कल या यादीत नव्हता, आणि ३७७वे कलम जिवंत असेपर्यंत तो यादीत वाचला जाण्याचा संभव नव्हता. पहिली वाट २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने फोडली. त्या खंडपीठातील मुख्य न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा हे सोलापूरचे. लैंगिक कल हे ‘लिंग’ या कारणाशी समान असलेले कारण आहे आणि त्यावरून भेदभाव घटनेस मान्य नाही, असे शहा व न्यायमूर्ती मुरलीधर यांनी नमूद केले.

या निकालाला आठ महिने होण्यापूर्वीच त्याची कसोटी पाहणारी घटना घडली, आणि ती एका मराठी माणसाच्या वाट्यास आली. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नागपूरचे. भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा अभ्यास करून त्यांनी १९८५ साली नागपूर विद्यापीठाची मराठीतील डॉक्टरेट मिळविली आणि १९८८ पासून अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आधुनिक भारतीय भाषा विभागात मराठी शिकविली. गंगायमुनेच्या दुआबात राहून मराठीचा वर्ग चालविणे हे काम किती एकाकी असते, याची कल्पना ज्यांनी परप्रांतात मराठी शिकविली आहे त्यांनाच येईल. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या काव्यसंग्रहास महाराष्ट्र साहित्य परिषदेचा २००२ सालचा पुरस्कार मिळाला होता, आणि ते त्या विभागाचे प्रमुखही झाले होते.

८ फेब्रुवारी २०१० च्या रात्री काही माणसे कॅमेरा घेऊन विद्यापीठाच्या आवारातील त्यांच्या निवासात घुसली. सिरस त्या वेळी एका सायकलरिक्षा चालविणाऱ्या प्रौढ पुरुषासमवेत होते. दुसऱ्या दिवशी विद्यापीठाने सिरसांनाच निलंबित केले आणि घर रिकामे करण्यास सांगितले. दुसऱ्याच्या घरात रात्री घुसणे, त्याच्या संमतीवाचून त्याचे चित्रण करणे आणि ते इतरांच्या हाती देणे ही कृत्ये करणारांकडे बोट न वळता ज्याच्यावर ती झाली त्याच्याकडे वळले. निवृत्तीस काही महिने उरले होते. विद्यार्थ्यांच्या बाबतीत त्यांनी काही गैर केल्याचा आरोप नव्हता, वर्ग बुडविल्याचा नव्हता, पैशाचा नव्हता. आरोप त्यांच्या घराच्या चार भिंतींत जे घडले त्याचा होता.

सिरस अलाहाबाद उच्च न्यायालयात गेले, आणि १ एप्रिल २०१० रोजी न्यायालयाने निलंबनास स्थगिती देऊन त्यांचे निवासस्थान परत करण्याचा हुकूम दिला. त्या हुकमातील एक तत्त्व सेवाकायद्याच्या प्रत्येक अभ्यासकाने मुखोद्गत करावे असे आहे: खाजगीपण हा मूलभूत अधिकार आहे, आणि माणूस शिक्षक असला तरी त्याच्या वर्तनाचा त्याच्या नोकरीशी ठोस व निकटचा संबंध असल्यावाचून ते वर्तन गैरवर्तन म्हणून गणता येणार नाही. शतकाहून अधिक काळ चाललेल्या त्या शिरस्त्याला येथे न्यायालयाने सीमा आखून दिली. ही सीमा आखली गेल्यावर सहाव्या दिवशी, ७ एप्रिल रोजी, सिरस अलीगढमधील भाड्याच्या घरी मृतावस्थेत आढळले. तपास झाला, काहींना अटकही झाली, परंतु पुराव्याअभावी ते प्रकरण पुढे गेले नाही. सिरसांवरील हंसल मेहता यांचा हिंदी चित्रपट २०१६ साली प्रदर्शित झाला तेव्हा बहुसंख्य मराठी वाचकांना या मराठी कवीचे नाव प्रथम कळले, ही गोष्ट आपल्या वाङ्मयीन व्यवहाराने खेदपूर्वक मनाशी बाळगावी.

यानंतरचा न्यायालयीन प्रवास सर्वश्रुत असल्यामुळे मी तो थोडक्यात सांगतो. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरविला. २०१४ मध्ये त्याच न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींची स्वतंत्र ओळख मान्य केली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्यात नागपूरचे शरद बोबडे आणि मूळच्या पुणे जिल्ह्यातील घराण्याचे धनंजय चंद्रचूड होते, खाजगीपण हा मूलभूत अधिकार ठरविताना लैंगिक कल हा त्याचा गाभ्याचा घटक असल्याचे सांगितले. आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमुखाने ३७७व्या कलमातून प्रौढांचे संमतीने होणारे संबंध वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम उरलेलेच नाही. या निकालांचा नोकरीसाठी काय उपयोग, हे फेब्रुवारी २०२१ मध्ये दिसले: उत्तर प्रदेशात बुलंदशहरच्या एका गृहरक्षक जवानास समलिंगी संबंधाच्या कारणावरून बडतर्फ केले होते, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१८च्या निकालाचा दाखला देऊन ती बडतर्फी रद्द केली व त्याला कामावर घेण्यास सांगितले. सिरसांना ज्या न्यायालयाने दिलासा दिला त्याच न्यायालयाने अकरा वर्षांनी एका सामान्य जवानाची नोकरी वाचविली.

आता जिवतीच्या डोंगरावर परत येऊन पाहावे की यांतील किती संरक्षण येथवर पोहोचते. जिल्हा परिषदेच्या शाळेतील गुरुजी, तहसील कचेरीतील कारकून, वनरक्षक, ग्रामीण रुग्णालयातील परिचारिका ही राज्याची माणसे. त्यांना घटनेचे चौदावे व सोळावे अनुच्छेद थेट लागू आहेत, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचे दार त्यांना मोकळे आहे. परंतु गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यातील कंत्राटी कामगार, राजुऱ्याच्या कोळसा खाणीवर ठेकेदाराच्या हजेरीपुस्तकात नाव असलेला तरुण, खाजगी संस्थेच्या शाळेत तासिका तत्त्वावर शिकविणारी तरुणी, दुकानातील नोकर, ट्रकवरचा क्लीनर यांना घटनेतील मूलभूत अधिकार मालकाविरुद्ध सामान्यतः सांगता येत नाहीत. पंधराव्या अनुच्छेदाचा दुसरा परिच्छेद दुकाने, उपाहारगृहे, विहिरी आणि घाट यांविषयी बोलतो. कारखान्यातील नेमणुकीविषयी बोलत नाही. महाराष्ट्राने १९७१ साली केलेल्या कामगार कायद्याने सूडबुद्धीने काढून टाकणे ही अनुचित कामगार प्रथा ठरविली, आणि जो कायम कामगार चंद्रपूरच्या कामगार न्यायालयापर्यंत जाऊ शकतो त्याला त्या कायद्याचा आधार आहे. परंतु कंत्राटी माणसास काढले असे कोणी म्हणतच नाही. उद्यापासून येऊ नको, एवढेच त्याला सांगितले जाते.

तृतीयपंथी व्यक्तींची स्थिती कागदावर अधिक बरी आहे. १० जानेवारी २०२० पासून अमलात आलेला त्यांच्या हक्कांचा कायदा सरकारी व खाजगी दोन्ही आस्थापनांना नेमणूक, बढती आणि इतर बाबतींत भेदभाव करण्यास मनाई करतो आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमण्यास सांगतो. महाराष्ट्रात पोलीस शिपाई भरतीच्या अर्जात त्यांच्यासाठी जागाच नव्हती. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्य शासनास बजावले तेव्हा ती तरतूद झाली. परंतु हा कायदा लिंगभावाच्या ओळखीचा आहे, लैंगिक कलाचा नाही. पुरुष म्हणूनच जगणारा आणि पुरुषावर प्रेम करणारा माणूस, किंवा स्त्रीवर प्रेम करणारी स्त्री, यांचे नाव या कायद्यात नाही, कामगार कायद्यांत नाही, सेवानियमांत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा फक्त स्त्रियांची तक्रार घेतो. लष्कराच्या १९५० च्या अधिनियमात तर अनैसर्गिक स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनास शिक्षा देणारे कलम लिहिलेले आहे. सर्व प्रकारच्या भेदभावास एकत्रित मनाई करणारे एक खाजगी विधेयक २०१७च्या मार्चमध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत मांडले होते; ते मंजूर झाले नाही.

बाहेरच्या जगाने हा प्रश्न निरनिराळ्या मार्गांनी सोडविला. नॉर्वेने १९८१ सालीच लैंगिक कलावरून होणारा भेदभाव दंडनीय केला. दक्षिण आफ्रिकेने वर्णद्वेषाच्या राजवटीतून बाहेर पडताना आपल्या नव्या घटनेतच ते शब्द घातले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १५ जून २०२० रोजी १९६४च्या नागरी हक्क कायद्यातील ‘लिंग’ या कारणातच लैंगिक कल अंतर्भूत असल्याचे सांगून खाजगी मालकांनाही बांधून घेतले. नोकरीतील भेदभावाविरुद्धचा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९५८ सालचा करार भारताने १९६० मध्ये मान्य केला आहे. त्यातील यादी वाढविण्याची मुभा प्रत्येक सदस्य राष्ट्रास त्या करारातच आहे. आपण ती कधी वापरली नाही.

माझे मत स्पष्ट आहे. न्यायालयांचे निकाल कितीही उदात्त असले तरी ते मिळविण्यासाठी माणसाला आधी आपले खाजगी आयुष्य उघड्या न्यायालयात मांडावे लागते, वकील करावा लागतो, गावाला सामोरे जावे लागते. जिवतीच्या एखाद्या गुड्यातील तरुणाकडून ही अपेक्षा करणे म्हणजे त्याला न्याय नाकारणेच होय. नियमातच लिहिलेले असले तर त्याला काही सांगावे लागत नाही. त्याच्या वरिष्ठास हुकूम लिहिण्यापूर्वी नियम वाचावा लागतो. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत, जेथे शिक्षक आणि कर्मचारी शाळेच्या आवारातच राहतात आणि कामाचा दिवस व घरची रात्र यांच्यामध्ये कुंपणही नसते, तेथे सिरसांसारखा प्रसंग पुन्हा घडण्यास केवळ एक उघडे दार आणि एक मोबाइल पुरेसा आहे.

खाजगी आस्थापनांसाठी विधिमंडळास कायदा करावा लागेल. कामगारविषयक कायदे समवर्ती सूचीत असल्यामुळे ते महाराष्ट्राच्या अधिकारात आहे, आणि रोजगार हमी ज्याने साऱ्या देशाआधी कायद्यात आणली त्या राज्याला पुढाकाराची सवय नाही असे कोणी म्हणू शकत नाही. परंतु आपल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांसाठी शासनाने विधेयकाची वाट पाहण्याचे कारण नाही. अलाहाबादच्या न्यायालयाने आखून दिलेली सीमा, म्हणजे नोकरीशी ठोस संबंध नसलेले प्रौढांचे संमतीचे खाजगी वर्तन गैरवर्तन समजले जाणार नाही आणि लैंगिक कलावरून कोणाचेही निलंबन, बदली वा बडतर्फी होणार नाही, हे दोन उपनियम १९७९च्या वर्तणूक नियमांत घालावेत, आणि जिल्हा परिषद सेवांच्या नियमांतही तेच करावे, अशी माझी मागणी आहे. वर्तणूक नियमांपुरते बोलावयाचे तर घटनेच्या ३०९व्या अनुच्छेदाखाली राज्यपालांच्या नावाने निघणारी एक अधिसूचना त्यासाठी पुरते.